दीड बादली जव

“आरं सुखा, फोन जरा खाली धर की. नुसतं तुझंच तोंड दिसतंय. मला गाईचं पाय दिसू देत,” आई म्हणाली.

मी फोन खाली धरला. सांगोल्याजवळच्या आमच्या वस्तीवर तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि इकडे होक्काइदोत, आमच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या गोठ्यात, संध्याकाळचे साडेचार. जपानच्या त्या उत्तर टोकाला ऑक्टोबर सरत आला की साडेचारलाच दिवेलागण होते. आईनं तिकडं ओसरीवर बसून फोनमधल्या खुरांना हात जोडले.

“कबरी हाय की. अन् वासरू कुठाय तिचं?”

“वासरू नाही गं. इथं जन्मल्या दिवशीच वेगळं काढतात.”

“अरं देवा. बरं, घास दिलास का? आज वसुबारस हाय.”

“आज तिला काही द्यायचं नाही, आई. उपास आहे तिचा.”

“गाईचा उपास?” आई हसली. “वसुबारसला उपास बायांनी करायचा आसतो. गाय कशापायी उपास करंल? कुठली रं ही माणसं?”

आईला मी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या गाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. पूर्ण भूल द्यायची, आडवी पाडायची, म्हणून दोन दिवस आधीच चारा बंद, आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. आणि मी तर सरकारी दवाखान्यात चार वर्षं गुरं तपासून, शिष्यवृत्ती मिळवून, शल्यचिकित्सेत डॉक्टरेट करायला आलेला सुखदेव दुधाळ. तिसरं वर्ष चालू होतं. माझ्या प्रबंधाला बारा गाईंच्या आतड्याचे तुकडे हवे होते, तेही जिवंत, भुलीखालच्या गाईंचे. अकरा झाल्या होत्या. ही बारावी. मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपणार होती. ही गाय हुकली असती तर बिनपदवीचा परत आलो असतो, आणि सांगोल्यात ज्यांनी मला हारतुरे घालून धाडलं होतं त्यांनीच पारावर बसून माझी पिसं काढली असती.

त्या गोठ्यात गाईंना नावं नसत. कानातल्या बिल्ल्यावरचे शेवटचे चार आकडे, तेच नाव. ही सत्तेचाळीस तेरा. दूध आटलेली, कुणीतरी गोठ्यातून काढलेली, विद्यापीठानं प्रात्यक्षिकासाठी घेतलेली. नाव ठेवायचं नाही, असा सक्त दंडक होता. नाव ठेवलं की सुरी चालवताना हात अडखळतो, असं आमचे प्राध्यापक, इवाबुचि सेन्सेई, म्हणत.

खरं तर त्या वेळी मी गोठ्यात असायचंच कारण नव्हतं. त्या दुपारपासून सकाळपर्यंतची पाळी तोगाशीची होती. तोगाशी कोहेई, पाचव्या वर्षाचा विद्यार्थी, रुंद खांद्यांचा, बोलायला कंजूष. त्याच्या बापाच्या साठ गाई होत्या, पार पूर्वेकडे समुद्राजवळच्या एका खेड्यात. तिथला जनावरांचा म्हातारा डॉक्टर काम सोडून बसला होता. अडलेली गाय सोडवायला दीड तासावरून डॉक्टर यायचा, तोवर गाय गेलेली असायची. गावच्या सहकारी दवाखान्यानं तोगाशीसाठी जागा धरून ठेवली होती, फक्त सेन्सेईंचं शिफारसपत्र हवं होतं. आणि सेन्सेईंनी सांगितलं होतं, उद्या सुरी तुझ्या हातात, तुझा हात बघून पत्राचं ठरवू. वर्गातल्या चाळीस पोरांत सुरी एकाच्याच हातात मिळणार होती.

पाळीवर असलेल्यानं ऑपरेशनच्या गाईला सोडून हलायचं नाही, हलायचं झालं तर आपल्या जागी कोण थांबलंय त्याचं नाव वहीत लिहायचं, असा नियम. मी सव्वाचारला खाली आलो तेव्हा तोगाशी दुपारपासून तिथं उभा होता. ओठ निळे पडले होते.

“जेवलास का?” मी विचारलं.

“नाही. नंतर भात खाईन.”

“मेस आत्ताच उघडतेय. जा, गरम काहीतरी खाऊन ये. मी थांबतो.”

“मग वहीत तुमचं नाव लिहितो, दुदारु-सान.” दुधाळ हे आडनाव त्यांच्या जिभेला पेलत नसे, आणि सान म्हणजे आपलं राव.

“अरे, पाऊण तासाचं काय लिहायचं? जा तू.”

तो घुटमळला. त्यांच्यात वरचा माणूस म्हणाला की खालच्यानं उलट बोलायचं नाही. मी त्याच्यापेक्षा मोठा, डॉक्टरेटचा. तो मान लववून गेला. मला आपलं वाटलं, पोरावर उपकार केले.

आणि मग आईचा फोन आला.

“एक घास दे रं,” आई म्हणाली. “सणादिवशी गाय दारात उपाशी ठेवू ने. तुझ्या बापाला किती वंगाळ दिवस आलं, पर गाईच्या आधी आपुन कधी जेवलो न्हाई.”

माझ्या खिशात कागदात गुंडाळलेला भाताचा गोळा होता, दुपारचा उरलेला. एका घासानं गाईचं काय होतंय? मी तो तिच्या पुढं धरला. तिनं जिभेनं ओढून घेतला, माझा हात चाटला, बाही चाटली, मग मान लांब करून हंबरली. दीड दिवसाची भूक. एका घासानं ती भडकली. दाव्याला हिसडे देऊ लागली.

“बघ, कशी वरडतीया,” आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “सुखा, काय रं हे? एवढा शिकलास अन् गाईला घास दिना झालास?”

मी हे कुणालाही समजावून सांगू शकत नाही. मी डॉक्टर होतो, मला सगळं कळत होतं. पण आईच्या डोळ्यात पाणी आणि समोर गाय हंबरतेय, म्हटल्यावर माझ्यातला डॉक्टर कुठं गेला कुणास ठाऊक. कोपऱ्यात जवाच्या भरड्याची कोठी होती. मी एक बादली भरून तिच्यापुढं ओतली. ती बघता बघता साफ केली. आणखी अर्धी ओतली. वर पाणी पाजलं. फोन कोठीवर टेकवून ठेवला होता, आई सगळं बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

“आता कसं गार वाटलं,” ती म्हणाली. “आता मी बी इकडं पूजा करून घास काढते.”

मलाही गार वाटलं. खोटं कशाला बोलू? तीन वर्षांत त्या परमुलखात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी गव्हाण पुसून घेतली, बादली धुऊन पालथी घातली.

तोगाशी परत आला तो हातात गरम कॉफीचे दोन डबे घेऊन. एक त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

“काही विशेष?”

“काही नाही,” मी म्हणालो.

सकाळी आठ वाजता ऑपरेशनआधीची तपासणी माझ्याकडे होती. मी गोठ्यात पाऊल टाकलं. गाय मान टाकून उभी होती. दात करकरत होती. डावी कूस भरलेली. मूठ दाबली की आत पाणी खळखळत होतं. छातीला नळी लावली तर ठोके एकशे चार. उपाशी पोटावर एवढा जव पडला की तो आत आंबतो, पोट नासतं. ही गाय आडवी पाडायची नव्हती. तिला औषध द्यायचं होतं, पोट रिकामं करायचं होतं. दोन-तीन दिवसांत उभी राहिली असती.

“दुदारु-सान,” तोगाशी माझ्यामागून हळूच म्हणाला, “रात्री दोनपासून ती अशीच आहे. मी तुम्हाला फोन केला होता. हिचं पोट मला उपाशी गाईचं वाटत नाही.”

फोन त्यानं केला होता. मी झोपेत तो बंद केला होता.

“उपाशी गाई किती बघितल्यास तू?” मी विचारलं.

साठ गाईंत वाढलेलं पोर ते. खाली बघून म्हणालं, “माफ करा.”

ऑपरेशन पुढं ढकला म्हणालो असतो तर सेन्सेईंनी कारण विचारलं असतं. कारण सांगितलं असतं तर नियम मोडणारा मी. प्रयोगातून बाहेर, शिष्यवृत्ती बंद, घरी. आणि नुसतं पुढं ढकललं असतं तरी शल्यगृह पुन्हा जानेवारीतच मिळणार होतं, मग मार्चपर्यंत प्रबंध पुरा झाला नसता. मी तिथं उभा राहून हा हिशोब केला. त्याला एक मिनिटही लागलं नाही. मग तपासणीच्या कागदावर लिहिलं : ठोके अडुसष्ट, पोट रिकामं, भुलीस योग्य. खाली सही केली.

काल जे झालं ती चूक होती. ही चूक नव्हती.

नऊ वाजता चाळीस विद्यार्थी पांढऱ्या कोटांत गोलाकार उभे राहिले. तोगाशीनं हात धुतले होते, हिरवा झगा चढवला होता. गाईला सुई दिली, ती गुडघ्यांवर आली, मग कुशीवर गेली. पट्टे बांधले. पाच मिनिटं बरी गेली. मग पोट वर येऊ लागलं. नळी घालायला गेलो तर ती भरड्यानं चोंदली. तेवढ्यात तिच्या नाकातोंडातून पिवळट आंबट लोंढा बाहेर आला आणि श्वासाबरोबर परत आत गेला. पूर्ण भूल चढली नव्हती. डोळे उघडे होते. बांधलेले पाय झाडत होती.

मागची एक मुलगी तोंड फिरवून जायला निघाली.

“कुणी हलायचं नाही,” सेन्सेई म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत. चढवला असता तर बरं झालं असतं. “हे प्रात्यक्षिक आहे. बघायला आलात ना, मग बघा.”

गाईला कायमचं झोपवायचं शेवटचं औषध ट्रेवर होतंच. सेन्सेईंनी तोगाशीकडे बोट केलं. “पाळी तुझी होती. तू दे.”

तोगाशीनं सुई उचलली. गळ्याची शीर एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. गाय गुदमरत होती. तिच्या घशातून घरघर येत होती. सेन्सेई दोन हात मागं बांधून उभे. सुई घ्यायला कुणी पुढं झालं नाही. माझ्या हाताला ती शीर डोळे झाकून सापडली असती, पण मीही जागचा हललो नाही. तिसऱ्यांदा सुई बसली. सगळं मिळून अकरा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं, हे मला दुसरीकडं कुठं बघायचं नव्हतं म्हणून सुचलं होतं.

“शवविच्छेदनाच्या खोलीत न्या,” सेन्सेई म्हणाले. “तास वाया घालवायचा नाही.”

अर्ध्या तासात तिचं पोट उघडलं. आत आंबलेला जव, घमेली भरतील इतका. सेन्सेईंनी मोजा घातलेल्या हातानं मूठभर उचलला, तोगाशीचा हात पुढं करायला लावला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

“हे काय आहे?”

“जव.”

“गाईचा उपास कुणाच्या ताब्यात होता?”

“माझ्या.”

“रात्रभर तू एकटाच होतास?”

तोगाशीनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. आरोप करायला नव्हे. तिथली रीतच तशी आहे, खालच्यानं वरच्याचं नाव घ्यायचं नसतं. वरच्यानं आपणहून एक पाऊल पुढं यायचं असतं. तो मला त्या पावलाला जागा करून देत होता. चाळीस जणांत ते फक्त मला आणि त्याला कळत होतं. त्याच्या तळव्यावरनं ते आंबट पाणी मनगटाकडं ओघळत होतं आणि त्यानं हात तसाच धरला होता.

सेन्सेईंनी त्याच्या नजरेमागं नजर नेली. “दुदारु-सान, संध्याकाळी तुम्ही गोठ्यात गेला होतात का?”

“नाही,” मी म्हणालो. “मी लॅबमध्ये होतो.”

तोगाशीनं मान खाली घातली. “मी एकटाच होतो,” तो म्हणाला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. पण इथं चोर निसटून गेला नव्हता. तो पांढरा कोट घालून फाशीच्या दोराजवळच उभा होता, आणि पुढं तर त्यालाच दोर ओढायला सांगण्यात आलं.

त्याचं असं झालं. असं काही घडलं की तिथं अहवाल लिहावा लागतो. काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून मी काय करीन. हातानं लिहायचा, खाडाखोड न करता. तोगाशीनं पहिला अहवाल दिला : खाद्य कसं गेलं ते मला माहीत नाही, जबाबदारी माझी आहे. सेन्सेईंनी लाल पेनानं एकच शब्द लिहून परत पाठवला : कारण? दुसऱ्यात त्यानं लिहिलं, माझं लक्ष चुकलं असावं. पुन्हा लाल पेन. कारण?

सकाळच्या तपासणीच्या माझ्या कागदाला कुणी हात लावला नाही; वहीतल्या उपासाच्या नोंदीच्या भरवशावर मी सही केली, असं सगळ्यांनी धरलं. चौथ्या दिवशी सेन्सेईंनी मला बोलावलं. “तुमचंही नुकसान झालंय, मला कल्पना आहे,” ते म्हणाले. “बाराव्या गाईचं मी शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राशी बोललोय. डिसेंबरमध्ये मिळेल. तुम्ही काळजी करू नका.”

माझ्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मी कमरेत वाकलो.

“एक काम करा,” ते पुढं म्हणाले. “तोगाशीबरोबर बसा. त्याला कारण लिहिता येत नाहीये. तुम्ही त्याच्यापेक्षा मोठे आहात. लिहून घ्या त्याच्याकडून.”

दुपारी दोन वाजता आम्ही एका रिकाम्या वर्गात बसलो, समोरासमोर. त्याच्यापुढं कोरा कागद. चार दिवसांत पोराचे गाल बसले होते.

“लिही,” मी म्हणालो.

“काय लिहू? मी दिलं नाही, दुदारु-सान. हे तुम्हाला...” तो थांबला. मग फार सावकाश म्हणाला, “मी जेवायला गेलो होतो, तेव्हा कुणी आत आलं होतं का?”

“तू जेवायला गेला होतास?” मी म्हणालो. “वहीत तर तसं काही नाही.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नजर हलवली नाही. आज तेच जास्त आठवतं, की मला ते जमलं. आपल्या हातून होणार नाही असं वाटतं, पण होतं. नुसतं जमतं असं नाही, सोपं जातं.

“हे बघ,” मी म्हणालो, “कारण लिहिल्याशिवाय सेन्सेई कागद घेणार नाहीत. वसंतापर्यंत तू लिहीत बसशील. काहीतरी कारण दे, विषय संपेल.”

“खोटं?”

“पटेल असं.”

मग त्यानं पेन उचललं. “तुम्ही सांगा.”

आणि मी सांगू लागलो. “गाय भुकेनं हंबरत होती. मला तिची दया आली. मी लहानपणापासून गाईंत वाढलोय, भुकेली गाय मला बघवत नाही. एक घास द्यावा असं वाटलं. एक घास दिल्यावर ती आणखी मागू लागली. मग मला स्वतःला आवरता आलं नाही.”

तो लिहीत होता. त्याचं अक्षर सुरेख होतं. मला सांगताना अडखळावं लागत नव्हतं, पाठ असल्यासारखं येत होतं. चार दिवसांत पहिल्यांदा मी खरं बोलत होतो, आणि कुणीतरी ते माझ्यासमोर लिहून घेत होतं.

“किती दिलं लिहू?” त्यानं मान खाली ठेवूनच विचारलं.

“दीड बादली,” मी म्हणालो.

त्याचं पेन थांबलं.

पोटातला जव कुणी मोजला नव्हता. अहवालात, वहीत, कुठंच आकडा नव्हता. खोलीत फक्त हीटरचा आवाज होता. मी म्हणणार होतो, म्हणजे अंदाजानं, साधारण तेवढं असेल. पण जीभ उचलली नाही. तो मान वर करील याची मी वाट बघत बसलो. त्यानं केली नाही. तो कागदाकडं बघत राहिला, मग त्यानं लिहिलं, दीड बादली. खाली तारीख घातली, नाव घातलं, आणि नावाशेजारी सहीचा लाल शिक्का इतका जपून उमटवला की त्याची कड कुठं पसरली नाही.

तो अहवाल सेन्सेईंनी घेतला. त्यावर लाल पेन चाललं नाही.

समितीनं तोगाशीला वर्षभर प्रात्यक्षिकांतून काढलं. शिफारसपत्र मिळणार नाही, असं सेन्सेईंनी एका ओळीत कळवलं. समुद्राकाठच्या दवाखान्यानं पंधरा दिवसांत तिसऱ्याच कुणाला तरी घेतलं. तो माणूस शहराचा होता, सहा महिनेही टिकला नाही, असं पुढं कानावर आलं. वर्गातल्या पोरांनी तोगाशीशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिव्या नाहीत. मेसमध्ये तो बसला की दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. मीही त्या टेबलाकडं जात नसे. नोव्हेंबर अखेर त्यानं नाव काढून घेतलं.

आता चौदा वर्षं झाली. मी इकडे भारतात एका कॉलेजात शल्यचिकित्सा शिकवतो. पोरं मला वचकून असतात. नियमांना फार कडक माणूस, असं माझ्याबद्दल बोलतात. पण मला सांगायचंय ते त्याच्या जायच्या दिवसाचं.

त्यांच्यात एक पद्धत आहे. आपल्यामुळं ज्याला ज्याला त्रास झाला त्याच्या दारी मिठाईचा खोका घेऊन जायचं आणि वाकून माफी मागायची. गोठ्यातल्या कामगारांपासून सेन्सेईंपर्यंत तोगाशी सगळीकडं फिरला. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या खोलीची घंटा वाजली. दार उघडलं तर बाहेर तो, आणि त्याच्यामागं एक बुटका, रापलेला माणूस. काळा सूट घातलेला, सुटाखाली रबरी बूट. जिन्यावर त्याच्या बुटांचा बर्फ पडला होता. तो तोगाशीचा बाप होता.

मी आत या म्हणालो. ते आत आले नाहीत. दारातच बूट काढून दोघं गुडघ्यांवर बसले. तोगाशीनं कागदात नीट बांधलेला खोका दोन्ही हातांनी माझ्यापुढं सरकवला.

“माझ्यामुळं तुमची बारावी गाय गेली,” तो म्हणाला. “तुमच्या अभ्यासाचं नुकसान झालं. मी माफी मागतो.”

त्यानं कपाळ जमिनीला टेकवलं. शेजारी बापानंही टेकवलं. बापाच्या मानेवरची कातडी थंडीनं भेगाळली होती. तळहात चटईवर पसरलेले, बोटांच्या पेरांत गोठ्याचं काळं रुतलेलं. अशी बोटं मी जन्मापासून बघितलीत, माझ्या घरात.

“उठा, उठा,” मी म्हणालो. “असं नका करू.”

बापानं डोकं वर केलं, पण तो बसूनच राहिला. “डॉक्टर,” तो मला म्हणाला, “हा रांगत होता तेव्हापासून गाईंत आहे. शाळेतून आला की दप्तर टाकून गोठ्यात. उपाशी गाईला भरडा घालू नये हे ह्याला बोलता येत नव्हतं तेव्हापासून माहीत आहे. हा असं कसं करील, हे मला काही केल्या उलगडत नाही. ह्याला विचारलं तर हा बोलत नाही. तुम्ही जवळ होता. तुम्हाला काही कळलं असेल तर सांगा. मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवंय.”

“बाबा,” तोगाशी म्हणाला.

“दया आली असेल,” मी म्हणालो.

“दया,” बाप म्हणाला. त्यानं तो शब्द तोंडात घोळवला. “आमच्यात कुणी एवढं मूर्ख नाही, डॉक्टर.”

त्यांच्या मागं जिन्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि खाली त्यांचा छोटा ट्रक उभा होता, मागं गादीची वळकटी, पुस्तकांची खोकी, वर निळं प्लास्टिक.

तोगाशी पुन्हा सरळ बसला. हात मांड्यांवर ठेवले. त्या वर्गानंतर पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. राग नव्हता. रागानं बघितलं असतं तर मीही काहीतरी रागानं बोललो असतो आणि कदाचित सगळं बाहेर पडलं असतं.

“आणखी एका गोष्टीची माफी मागायची आहे,” तो म्हणाला. “मधे काही दिवस मी तुमच्याबद्दल मनात शंका आणली होती. मोठ्या माणसाबद्दल अशी शंका घेणं बरोबर नव्हतं. ती शंका चुकीची होती, असं तुम्ही म्हणालात की मी शांतपणे घरी जाईन.”

बाप त्याच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता. त्याला काही कळत नव्हतं. पण आपलं पोर काहीतरी मागतंय आणि ते माझ्याकडं आहे, एवढं त्याला दिसत होतं. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

माझी बारावी गाय दहा दिवसांवर आली होती. केंद्राकडून तारखेचा कागद सकाळीच आला होता, आत टेबलावर पडला होता.

“चुकीची होती,” मी म्हणालो. “पण जाऊ दे. मी मनात ठेवलेलं नाही. पुढच्या वेळी काळजी घे.”

तोगाशीनं मान लववली. तो उठला, बूट घातले आणि जिना उतरून गेला. मागं वळून बघितलं नाही.

बाप मात्र थांबला. कष्टानं गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, पुढं झाला, आणि त्यांच्यात कुणी कधी करत नाही तसं त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. हात खरबरीत होते आणि गरम होते.

“आज सकाळपासून अठरा दारं फिरलो,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “कुणी दार पुरतं उघडलं नाही. माझ्या पोराशी धड बोललात ते एक तुम्ही. हे मी विसरणार नाही.”

खाली ट्रक सुरू झाला. तो घाईघाईनं बूट चढवून जिना उतरू लागला, अर्ध्यावर थांबला, वर वळला आणि पुन्हा एकदा वाकला. मीही दारात उभा राहून वाकलो.